अनुभव धागा : प्राथमिक शाळेतले कार्यक्रम आणि त्या गडबडीत झालेला अभ्यास

बार्शीकरीण

लेकीच्या शाळेचं जानेवारी-फेब्रुवारीचं पत्रक काल पालकांच्या ग्रुपवर आलं. 3 जानेवारीला बालिका दिन, संक्रांतीनंतर आनंद मेळावा, 26 जानेवारीची कवायत, मग गॅदरिंग, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. लेक तिसरीत आहे. खाली लगेच एका बाबांनी विचारलं, "मग अभ्यास कधी घेणार?" त्यावर भराभर अंगठे.

मला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला बाजार आठवला. सोलापूर जिल्ह्यातलं गाव. चौथीला गुरुजींनी पटांगणात बाजार भरवला होता. ज्याच्या घरी जे पिकतं ते आणायचं. कुणी हुरडा, कुणी बोरं, कुणी हरभऱ्याचे डहाळे. मी आईने भाजून दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन पोत्यावर बसले होते. गुरुजींची अट अशी की सुटे पैसे परत देताना वजाबाकी मांडायची नाही, गिऱ्हाइकाच्या हातावर पुढे मोजत जायचं. साडेतीन रुपयांच्या शेंगा आणि दहाची नोट. पन्नास पैसे ठेवले, चार झाले. एक रुपया ठेवला, पाच झाले. पाचाचं नाणं ठेवलं, दहा झाले. हातच्याच्या वजाबाकीला मी वर्षभर घाबरत होते, आणि ती त्या दुपारी पोत्यावर बसून मला समजली.

दुसऱ्या दिवशी वर्गात हिशेब. सगळ्यांनी जेवढी विक्री तेवढा नफा लिहिला. गुरुजींनी एकेकाला उभं केलं. "शेंगा घरच्या म्हणजे फुकटच्या का? पेरल्या कुणी, उपटल्या कुणी, भाजल्या कुणी?" मग बाजारभावाने शेंगांची किंमत धरली, जळण धरलं, आईची मजुरी धरली. नफा एवढासा उरला. घरी जाऊन आईला ती मजुरी सांगितली तर ती हातातलं काम ठेवून ऐकत बसली होती.

मला मनापासून वाटतं की त्या बाबांना याचं उत्तर मिळायला हवं. आणि ते उत्तर अनुभवांतूनच देता येईल. गॅदरिंग, सहल, प्रदर्शन, काहीही चालेल. तुमचा असो, मुलांचा असो, शिक्षक असाल तर वर्गातला असो. लिहा.

मधली_सुट्टी

लेझीम!!! 26 जानेवारीच्या आधी महिनाभर पटांगणावर धूळ. आमच्या बाई चाराचा पाढा लेझमीवर म्हणून घ्यायच्या. चार ठोक्यांचा एक हात, आठ हात झाले की बत्तीस आणि रांग वळायची. पाढा चुकला की रांग चुकीच्या जागी वळायची आणि सगळी एकमेकांवर. चार आठे बत्तीस म्हटलं की आजही कानात छन् होतं. बाकीचं रात्री लिहिते, कुकर झालाय.

पारावरचा

हुरडा म्हणालात आणि विषयच संपला. गूळभेंडी की सुरती? बरोबर शेंगदाण्याची चटणी होती का?

बार्शीकरीण

@पारावरचा गूळभेंडीच. चटणी लसणाची. पण धाग्यावर या बरं परत :)

खडू_फळा

मी शिक्षिका आहे, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. आमच्याकडे कार्यक्रम आणि अभ्यास वेगळा करणं परवडतच नाही. बालिका दिनाची तयारी सांगते. चौथीने सरपंचांना आणि माता पालकांना निमंत्रणपत्रं लिहिली. मायना, तारीख, आपला नम्र, सगळं खरं, कारण पत्र खरंच जाणार होतं. तिसरीने किती माणसं येतील, एका सतरंजीवर किती बसतील, सतरंज्या किती लागतील ते काढलं. दुसरीने ठिपक्यांची रांगोळी घेतली. ओळीत सात ठिपके, अशा सात ओळी. एकेक ठिपका मोजून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, हा तर साताचा पाढा आहे." पहिलीने बातमी घरोघर पोचवली, ते काम त्यांच्याइतकं कुणालाच जमत नाही.

नाटुकलीत सावित्रीबाई शाळेत निघाल्यात आणि लोक शेण टाकतात असा प्रसंग. एक पहिलीतला मुलगा शेण टाकणाऱ्यांत होता. तालमीत तो अडून बसला. "मी नाही टाकणार, त्या शिकवायला चालल्यात." खूप समजावलं, नाटक आहे, खोटं आहे. नाही म्हणजे नाही. शेवटी तो त्यांच्या पिशवीत दुसरं लुगडं ठेवणारा झाला. त्यावरून वर्गात तासभर बोलणं झालं. दुसरं लुगडं का न्यावं लागत होतं, शेण टाकणाऱ्यांना कशाची भीती होती, आपल्या गावात आजीच्या वयाच्या किती बायका शाळेत गेल्या. एका मुलीने घरी आजीला विचारून यायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाने आज्यांना विचारून आणलं. 1831 साली खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्म, 1848 ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा, हे फळ्यावर लिहून पाठ करता येतं. पण आजीपर्यंत ते त्या मुलामुळे पोचलं.

निळीशाई

@खडू_फळा डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलाला माझ्याकडून खाऊ.

दूरची_आई

न्यू जर्सीतून. इथे एलिमेंटरी शाळेत शाळेचा शंभरावा दिवस साजरा होतो, साधारण फेब्रुवारीत येतो. पहिल्या दिवसापासून रोज एक काडी डब्यात टाकतात, दहा झाल्या की रबरबँड लावून जुडी दुसऱ्या डब्यात. शंभराव्या दिवशी दहा जुड्यांची एक मोठी जुडी. एकक, दशक, शतक असं तीन डब्यांत डोळ्यांसमोर वाढत जातं. त्या दिवशी घरून कुठल्याही शंभर वस्तू न्यायच्या. मी म्हटलं शेंगदाणे सोपे. पण वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आहे, त्यामुळे बंदी. मग राजमा. मुलगा रात्री जेवणाच्या टेबलावर दहा-दहाचे ढीग लावत होता आणि माझी आई व्हिडिओ कॉलवर त्याच्याबरोबर "दहा, वीस, तीस" मराठीत मोजत होती. शंभर झाल्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या. मराठी शाळेला रविवारी जायला कुरकुरतो, पण ते मोजणं त्याने पुढे दोनशेपर्यंत स्वतःहून नेलं.

पारावरचा

@दूरची_आई मग दुसऱ्या दिवशी राजमा-चावल झाला की नाही?

दूरची_आई

शाळेतून फक्त त्र्याण्णव परत आले, सात कुठे गेले ते वर्गालाच ठाऊक.

नानीआजी

त्र्याण्णव वरून आठवले. माझी नात 2019 ला दुसरीत होती. बालभारतीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचन आले होते, त्र्याण्णव म्हणजे नव्वद तीन. केवढा गदारोळ झाला तेव्हा, विधानसभेत सुद्धा. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी शांतपणे सांगितले की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना जोडाक्षरे जड जातात म्हणून दुसरी वाट दिली आहे. मी निवृत्त शिक्षिका, मलाही आधी रुचले नव्हते. पण नात शाळेच्या मेळाव्यात तिळगुळाच्या पाकिटांवर किमती लिहीत होती. सत्तावीस म्हटले की 72 लिहायची, वीस सात म्हटले की बरोबर 27. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, लहान मुलाचा तिथे गोंधळ होणारच. चौथीत गेल्यावर सत्तावीस आपोआप आले. त्यामुळे मला दोन्ही चालते.

कोरडवाहू

आजी, नमस्कार. पण दुकानात, एसटीत, बाजार समितीत कुणी "साठ सात" म्हणत नाही. जुनं सुटायला नको एवढंच.

नानीआजी

नको सुटायला, बरोबर आहे बाळा. घरी आपण जुनेच बोलायचे, म्हणजे कानावर राहते.

सावलीतली

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. माझा मुलगा दुसरीत, फार बुजरा. गॅदरिंगच्या नाचात घेतलं नाही. आधी घेतलं होतं, तालीम सुरू झाल्यावर "मागे पडतो" म्हणून काढलं. शाळेचं नाव नाही घेत. ड्रेसचे पैसे भरलेले परत मिळाले, पण त्याने आठ दिवस शाळेत जायला रडारड केली. प्राथमिकच्या कार्यक्रमात असं निवडायचं कशाला? ती काय स्पर्धा आहे? पत्रक आलं की मला पोटात गोळा येतो.

मधली_सुट्टी

अगं :( खूप वाईट वाटलं वाचून. मिठी.

निळीशाई

अगदी मान्य. सात वर्षांच्या मुलाला "मागे पडतो" हे ऐकवायचंच नसतं.

खडू_फळा

@सावलीतली ताई, वर्गशिक्षकांना भेटून त्याला पडद्यामागचं काम मागून बघा, पण खरं काम. आमच्याकडे एक असाच मुलगा होता. त्याला कार्यक्रमपत्रिका हातात देऊन "पुढचा कोण" हे बघायचं काम दिलं. वाचन कच्चं होतं. पण पुढच्या नाचाची मुलं वेळेवर उभी करायची तर नाव वाचावंच लागतं. आठवडाभर तो कागद खिशात घेऊन फिरत होता, दिसेल त्याला "हे काय लिहिलंय" विचारत. संमेलनाच्या दिवशी त्याने जोडाक्षरांसकट सगळी नावं वाचली. स्टेजवर नव्हता, तरी सगळा कार्यक्रम त्याच्याच हातात होता. आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे, प्राथमिकमध्ये प्रत्येक मूल कुठे ना कुठे हवंच. आम्ही तर पट कमी म्हणून सगळ्यांनाच घेतो, प्रेक्षकांपेक्षा कलाकार जास्त होतात.

सावलीतली

बोलून बघते. थँक्यू ताई, खरंच.

डोंगरपल्याड

गोव्यातून. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकलो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी बाई शाळेत छोटी माटोळी बांधायला लावायच्या. रानफळं बांधून गणपतीच्या वर टांगायची ती चौकट. प्रत्येकाने रानातलं एक फळ आणायचं आणि ते कुठल्या झाडाचं, कुठे मिळालं, खातात का, औषधाला लागतं का, एवढं सांगितल्याशिवाय ते बांधायचं नाही. कवंडळ, आंबाडे, तोरंजन, सुपारीचं शिंपुट. कवंडळ दिसायला लालभडक आणि सुंदर, पण तोंडात घालायचं नाही, हे पहिलीतल्या पोरांनाही पक्कं माहीत. मी आंबाडे नेले होते तर बाईंनी पान चुरगाळून वास घ्यायला लावला, सगळ्या वर्गाने. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातली चित्रं मला आता एक आठवत नाही, तो वास मात्र लगेच आठवतो. आता मुलं बाजारातून आणलेली फळं बांधतात. आजोबांबरोबर रानात जायचं राहून जातं याचं मला वाईट वाटतं.

वऱ्हाडी_माणूस

आमच्या इकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, उन्हामुळं. त्याच्या आधी पहिलीत येणाऱ्या पोरांचा शाळापूर्व तयारी मेळावा असतो, दोन-चार वर्षांपासून. सात स्टॉल. नोंदणी, मग रेषेवरून चालणं, उड्या, वस्तूंचं वर्गीकरण, चित्र पाहून बोलणं, कमी-जास्त ओळखणं. पोराच्या हाती पत्रक आणि त्याच्यावर कुठं मदत लागते ते लिहून देतात. बायकोनं लेकीला नेलं होतं. तूर आणि हरभऱ्याची डाळ एकत्र करून निवडायला दिली तर आमची पोरगी म्हणे, "ही डाळ चाळणीनं होते, हातानं कायले निवडू?" मॅडम हसून हसून बेजार. मग आयांचे गट करून दिले, आठवड्याला एकत्र बसायचं, घरातल्याच वस्तूंनी खेळ घ्यायचे. वाटलं नव्हतं की आमच्या गल्लीत चालन, पण चालला. सहा-सात बाया ओट्यावर बसत अन् पोरं खडे मोजत. त्यातली एक माय स्वतःच अक्षरं शिकून राहिली आता पोरासोबत. त्याचं कौतुक कोणत्याच पत्रकात नाही म्हणून इथं लिहिलं.

निळीशाई

वा वा. चाळणी भारीच.

मधली_सुट्टी

आले परत. सहल राहिली ना! लाल एसटी, शाळेच्या सहलीला निम्मं भाडं. सर प्रत्येक बाकाला एक काम द्यायचे. आमच्याकडे मैलाचे दगड होते. वर पिवळा रंग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग. दगड दिसला की ओरडायचं, दुसऱ्या बाकाने घड्याळ बघायचं. पाच किलोमीटरला किती मिनिटं, घाटात किती, सपाटीला किती. ड्रायव्हरकाकाही उतरताना विचारत, "काय रे, कितीनं पळवली?" बाकी आठवतंय ते उलट्या आणि लिंबाच्या गोळ्या.

कोरडवाहू

माझी मुलगी पाचवीला असताना शिष्यवृत्ती परीक्षेला बसली होती. 75 प्रश्नांचे दोन पेपर, तीनशे गुण. आणि ऐन तयारीत गॅदरिंगची तालीम. म्हणून त्या बाबांची काळजी मला कळते हो. सगळ्यांनी त्यांना धारेवर धरू नका. आमच्या वेळी ही परीक्षा चौथीला असायची, 2017 ला ती पाचवीला आली होती, तेवढं एक वर्ष मिळालं.

बार्शीकरीण

@कोरडवाहू धारेवर नाही हो. काळजी खरीच आहे. माझं म्हणणं एवढंच की तालीम नीट घेतली तर तिथेही गणित आणि भाषा होते. नुसतं रांगेत तासन्‌तास उभं करून ठेवलं तर मात्र वेळ गेलाच, तिथे मीही त्या बाबांच्या बाजूने.

वडीवाली

मधेच विचारते, मेळाव्यासाठी तिळाच्या वड्या न्यायच्यात. दरवेळी दगड होतात. काय करू?

नानीआजी

चिक्कीचा गूळ नको, साधा घ्या. पाक होऊ द्यायचा नाही, गूळ विरघळून फेस आला की लगेच तीळकूट आणि दाण्याचं कूट घाला. चमचाभर तूप. थापून गरम असतानाच कापा.

पारावरचा

आणि उरल्या तर पत्ता देतो.

वडीवाली

धन्यवाद आजी! मुलगी म्हणते एक वडी सात रुपये. मी म्हटलं पाच किंवा दहा ठेव, सुट्ट्यांची भानगड नको.

बार्शीकरीण

नको नको, सातच राहू दे! सुटे देताना मोजावं लागेल तेच तर हवंय. आणि गूळ, तीळ, गॅस सगळं वहीत लिहायला लावा. तुमची मजुरी पण.

वडीवाली

लिहायला लावते :) पण मग एक-दोनची नाणी लागतील. एवढी कुठून आणू? दुकानदार देत नाहीत.

वऱ्हाडी_माणूस

देवळाच्या पुजाऱ्याले विचारा, दानपेटी उघडली की त्यायलेच नोटा पाहिजे असतात. नाहीतर बँकेत सकाळी दहाले जा, गर्दीच्या आधी.