मदत हवी आहे: इंग्रजीत विशेषण कुठलं आणि क्रियापद कुठलं, हे ओळखायचं कसं?

केळीवाला, यावल तालुका:
मंडळी, पुतणी मराठी माध्यमात नववीत आहे. तिचं इंग्रजी व्याकरण रात्री माझ्याकडे येतं. 'नामाबद्दल विशेष माहिती सांगतं ते विशेषण, क्रिया दाखवतं ते क्रियापद' हे तिला तोंडपाठ आहे, पण वाक्य लिहायला बसली की गाडी अडते. परवा लिहिलं, 'आय ॲम अग्री'. खालीच, 'आय अफ्रेड ऑफ स्नेक्स'. आणि वर 'द बनानाज राइप'! म्हणते, 'केळी पिकली' यात 'पिकली' क्रियापद आहे ना काका, मग 'राइप' का नाही? आता हिला काय सांगू? शिवाय 'क्लोज्ड', 'बोअरिंग' हे शब्द तर दोन्हीकडे दिसतात.

जुनी मास्तरीण, अमळनेर:
दादा, पोरीचा तर्क सरळ आहे, फक्त तो मराठीचा आहे. 'मी सहमत आहे' यात 'सहमत' विशेषण, म्हणून तिने 'ॲम' घातलं. इंग्रजीत 'अग्री' क्रियापदच आहे. 'मी घाबरते' याचं उलटं: तिकडे 'अफ्रेड' विशेषण. तेव्हा मराठी अर्थावरून शब्दाची जात ठरवू नका. 'क्रिया दाखवतं' हेही फार धरून बसू नका. 'नो' म्हणजे माहीत असणं, त्यात कसली क्रिया? तरी ते क्रियापद.

शब्दाला काळ चिकटतो का ते बघा. 'अग्रीज', 'अग्रीड' होतं. 'अफ्रेड'ला यातलं काहीच लागत नाही, त्याचा काळ 'इज', 'वॉज' सांभाळतात. प्रश्न करायला लावा, लगेच कळेल: 'डू यू अग्री?' पण 'आर यू अफ्रेड?' 'राइप'चंही तसंच, 'द बनानाज आर राइप'. पिकण्याची क्रियाच सांगायची असेल तर 'रायपन' हे वेगळं क्रियापद आहे.

आता 'क्लोज्ड'. रेल्वे फाटक घ्या. 'द गेट वॉज क्लोज्ड बाय द गेटमन': कोणीतरी बंद केलं, म्हणून क्रियापद, कर्मणी प्रयोग. 'द गेट इज स्टिल क्लोज्ड': फाटकाची स्थिती, म्हणून विशेषण. नुसतं 'द गेट वॉज क्लोज्ड' असेल तर दोन्ही अर्थ निघतात, मागचं-पुढचं वाचावंच लागतं. असं सुटं वाक्य परीक्षेत टाकणाऱ्याचा मला रागच येतो.

'द मशीन इज बोअरिंग अ होल' यात पुढे कर्म आहे, म्हणून क्रियापद. 'द लेसन इज व्हेरी बोअरिंग' यात विशेषण.

केळीवाला, यावल तालुका:
ताई, आमच्याकडे बोअरिंग म्हटलं की शेतात उभी गाडीच दिसते, त्यामुळे हे पक्कं बसेल. मग 'व्हेरी' लागलं की विशेषण, असं सांगून टाकू का?

धुळ्याचा पाहुणा:
थांबा भो, तेवढ्यावर जाऊ नका. 'डेड' विशेषण आहे, पण 'व्हेरी डेड' सहसा कोणी म्हणत नाही. आणि 'व्हेरी क्विकली' होतं, ते तर क्रियाविशेषण! त्यापेक्षा 'सीम्स' लावून बघा. 'सीम्स डेड', 'सीम्स अफ्रेड', 'सीम्स राइप' चालतं. 'सीम्स अग्री' चालत नाही, मध्ये 'टू' घालावा लागतो.