एरो पोझिशन फार खाली नेली, 100 किमीनंतर टिकतच नाही. काय करू?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच माफी मागते. सात आठवड्यांवर ट्रायथलॉनची फुल डिस्टन्स रेस आलीये, 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल आणि वर 42.2 किमी पळणं. पोहण्याचं आणि पळण्याचं बघून घेईन, गाडं सायकलवर अडकलंय.

हाफ (याच्या निम्मी) दोनदा झालीये, दोन्ही वेळा 90 किमी एरोबारवर (हँडलवरून पुढे येणारे दांडे, त्यावर कोपरं टेकून वाकून चालवायचं) मजेत गेले होते. तेव्हा पॅड (कोपरं टेकवायच्या गाद्या) सीटच्या 9 सेंमी खाली होते. मग प्रो लोकांचे फोटो बघून बघून डोक्यात किडा शिरला की आपली पण पाठ अशी टेबलासारखी सपाट पाहिजे, आणि एका रात्री ॲलन की घेऊन बसले आणि पॅडखालचे 10 मिमीचे तीन स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) काढून टाकले. एकदम तीन. हो माहितीये, एकेक करत काढायचे असतात, ओरडू नका.

गंमत म्हणजे फायदा झाला ना! वारा पडलेला असताना पहाटे एकाच रस्त्यावर जाऊन-येऊन फेऱ्या मारल्या, पॉवर आणि स्पीडवरून हिशोब काढला तर सीडीए (हवेला आपण किती आडवे येतो त्याचा आकडा) 0.25 वरून 0.23 वर आला. ताशी 34 ला हे साधारण 10 वॅट होतात, फुकटात. मी हवेतच.

पण लाँग राईडला सगळं उतरतं. 80-90 पर्यंत ठीक, मग मी दर दोन मिनिटांनी सीटच्या टोकावर घसरते, स्वतःला मागे ढकलते, परत घसरते. 110 च्या आसपास मान अशी भरून येते की समोरचं बघायला डोळेच वर करावे लागतात, आणि मग उठून बेस बार (बाजूचं आडवं हँडल) धरते. सुरुवातीला अर्धा मिनिट, शेवटी शेवटी पाच-पाच मिनिटं. मागच्या रविवारी 180 पूर्ण केले, रेकॉर्डिंग बघितलं तर जवळजवळ सव्वा तास मी एरोबारवर नव्हतेच. जेलही (राईडमधे खायचं एनर्जीचं) खाली उतरत नाही, मांडी पोटावर आपटतेय असं वाटतं. उतरून पळायला लागले तर पहिले तीन किमी कमरेत वाकलेलीच.

अजून एक, तेवढ्याच हार्टरेटला खालच्या पोझिशनमधे 12 वॅट कमी निघतात. सवयीने सुधारेल म्हणून सोडून दिलं होतं, दोन महिने झाले, तसंच आहे.

तर प्रश्न असा की रेटत राहू की स्पेसर परत घालू? 10 वॅट सोडवत नाहीयेत हो. क्रँक (पॅडलचा दांडा) 170 मिमीचा आहे, सीट साधी रोडवालीच, टोक बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यावर फिरतो तो आस) 5 सेंमी मागे, नियम आहे म्हणून.

प्रतिसाद 1

ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमधे आहे. उठून बेस बार धरलात की सीडीए 0.31 च्या घरात जातो असं धरू. 180 किमीला तुम्हाला पाच तास वीस मिनिटं लागली असतील तर सव्वा तास म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. तीन हिस्से 0.23 आणि एक हिस्सा 0.31, सरासरी काढा. 0.25. म्हणजे जिथून निघालात तिथेच आलात, वर मान दुखली, पोट बिघडलं आणि 12 वॅट गेले ते वेगळेच.

1989 च्या टूर द फ्रान्समधे ग्रेग लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांचेच एरोबार लावून शेवटच्या दिवशी बाजी फिरवली, 8 सेकंदांनी टूर जिंकला. पण ती टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत) 24.5 किमीची होती, अर्ध्या तासाच्या आत संपली. तेवढ्यापुरतं कोणीही दुमडून बसेल.

मला वाटतं खरी अडचण पाठीची नाही, कमरेच्या कोनाची आहे. तुम्ही पुढचा भाग खाली नेलात पण सीट होती तिथेच ठेवलीत, त्यामुळे पॅडल वर आलं की मांडी आणि पोट यात जागाच उरत नाही. वॅट तिथे जातायत, जेलपण तिथेच अडकतंय. आणि शरीर स्वतःच पुढे सरकून जागा शोधतंय, तेच तुमचं घसरणं. ते 5 सेंमी यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) टाइम ट्रायलवाल्यांनी वर्षानुवर्षं पाळलं, ट्रायथलॉनमधे सीट पुढे घ्यायला बरीच मोकळीक असते. तुमच्या रेसचं रूलबुक बघा आणि आणा पुढे. पुढे आणताना थोडी वरही घ्यावी लागेल, नाहीतर गुडघा जास्त वाकेल.

क्रँक 160 चा मिळाला तर बघाच. सीट 10 मिमी वर जाते आणि वरच्या टोकाला पाय 10 मिमी खाली राहतो, म्हणजे कमरेला 20 मिमी मोकळे. फक्त पॅडही 10 मिमी वर घ्या, नाहीतर नकळत अजून खाली जाल.

प्रतिसाद 2

वरच्यांशी सहमत, पण ताई आधी सीट बदला! रोडच्या सीटवर ओटीपोट पुढे फिरवून पाच तास बसायचं म्हणजे शिक्षा आहे. पुढून दुभागलेली, आखूड नाकाची घ्या. आणि एक्स्टेंशन (एरोबारचे पुढचे दांडे) समोरून 10-15 अंश वर उचला, हात वर आले की वजन कोपरांवर नीट बसतं, खांदे सैल पडतात, मान आपोआप आत जाते. माझे पॅड तुमच्यापेक्षा बरेच वर आहेत आणि मी 180 मधे फक्त वळणांना आणि पाण्याच्या स्टॉपला उठतो. फोटोत काही खास दिसत नाही म्हणा.

मूळ धागाकर्ती

बाप रे, ती सरासरी मी का नाही काढली! आणि तो 5 सेंमीचा नियम आपल्याला नाहीच हे वाचून स्वतःवरच हसले.

आत्ताच दोन स्पेसर परत घातले, सीट 4 सेंमी पुढे आणि थोडी वर घेतली, ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचं स्टँड) चाळीस मिनिटं बसले. एकदाही घसरले नाही. मान अजून कुरकुरतेय, पण मांडी पोटाला लागत नाहीये. दुभागलेली सीट मैत्रिणीकडून आठवडाभर उसनी घेतेय. तिसरा स्पेसर बाहेरच आहे, डबीत ठेवलाय, सध्या तो दिसेल असा समोर ठेवत नाही.

आता एकच विचारायचंय. सात आठवडे राहिलेत तर क्रँक आत्ता बदलू का रेस झाल्यावर? आणि न उठता किती वेळ ट्रेनरवर टिकलं की समजायचं रेसला चालेल?

प्रतिसाद 1

बदलायचाच तर याच आठवड्यात, नंतर हात लावू नका. आणि रेसच्या वॅटला सलग दोन तास, मधे बाटली आणि जेल एरोबारवरूनच, आणि उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळायचं. त्यात कंबर सरळ राहिली तर डबीतल्या स्पेसरचं बोलू, वाकली तर तोही परत घाला.