मदत हवी आहे : मेंदूतील दुर्मिळ गाठीसाठी अमिनो आम्लाचा पेट स्कॅन

माझ्या थोरल्या बहिणीच्या मेंदूतील ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ही दुर्मिळ गाठ शस्त्रक्रियेने काढून नंतर रेडिएशन दिले होते. आता नव्या एमआरआयमध्ये त्याच जागेच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका दिसतो आहे. ही गाठ परतली आहे की रेडिएशनमुळे मृत झालेली ऊती आहे, हे एमआरआयवरून ठरत नाही, कारण दोन्ही सारखेच उजळतात.

त्यानंतर ग्लुकोजवर आधारित एफडीजी पेट स्कॅन (शरीरात किरणोत्सारी द्रव्य सोडून ते कुठे किती शोषले जाते हे दाखवणारी तपासणी) झाला, पण निरोगी मेंदूच मुळात भरपूर ग्लुकोज वापरत असल्याने सारा बाह्यस्तर झळाळून निघाला आणि ठिपका त्यात हरवला. फिल्म उजेडासमोर धरून मी कितीतरी वेळ तो शोधत होते. ग्लुकोजऐवजी अमिनो आम्लावर आधारित एफईटी किंवा मेथिओनिन हे द्रव्य वापरल्यास निरोगी मेंदूत ते कमी शोषले जाते आणि गाठ उठून दिसते, असे डॉक्टरांनी समजावले. मेथिओनिनमधील किरणोत्सारी कार्बन-११ चे अर्धायुष्य (ते निम्मे उरायला लागणारा वेळ) जेमतेम २० मिनिटांचे असल्याने ते बनवणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र जवळच लागते. एफईटीमधील फ्लोरिन-१८ चे सुमारे ११० मिनिटांचे असल्याने ते दुसरीकडून आणता येते.

ज्यांनी हा स्कॅन करून घेतला आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सांगावे : बायोप्सीआधी (सुईने ऊतीचा नमुना काढण्याआधी) तो केल्याने सुई कुठे घालायची हे ठरवायला खरोखर मदत झाली का? ताई सध्या स्टेरॉइड घेते आहे, त्याचा निकालावर परिणाम होतो का? बायोप्सीचा निर्णय लवकरच घ्यायचा आहे.