गाणं सगळं मीच केलंय, मग प्रोड्यूसर म्हणून लेबलचं नाव का?

गोदाकाठची: मी नाशिकची, गंगापूर रोडला राहते. गाणी मीच लिहिते, चाल लावते, गाते आणि लॅपटॉपवर अरेंजिंग मिक्सिंग पण मीच करते (सध्या ढोल पथकांची प्रॅक्टिस चालू आहे त्यामुळे रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर, काय करणार). आता एक लेबलवाले (म्युझिक कंपनी) म्हणतायत एकरकमी पैसे देतो, पण करारात सगळे हक्क कायमचे त्यांचे आणि प्रोड्यूसर म्हणून नाव पण त्यांचंच. विचारलं तर म्हणे "मॅडम तुम्ही सिंगर ना, टेक्निकल आमच्यावर सोडा." घरचे म्हणतात संधी आलीये घालवू नको. करू का सही?

सातपूरचा_साउंडवाला: थांब जरा. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग म्हणजे मास्टर, या कायद्याने तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन केलं तो प्रोड्यूसर असं कॉपीराइट कायद्यातच आहे, म्हणजे आज तूच. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सही करून पण सोडता येत नाही, तो कॉपीराइट सोसायटीला किंवा वारसांनाच देता येतो, त्यामुळे आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी) मेंबर हो आधी. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षंच धरतात, म्हणून तर हे लोक 'कायमचे' मुद्दाम घालतात. प्रोजेक्ट फाइल्स तारखेसकट जपून ठेव.

कॉलेजरोड_कट्टा: हे सगळं बरोबर आहे पण हक्क उराशी धरून बसलं तर ऐकणार कोण? प्रमोशनला पैसा लागतोच ना. एखादं गाणं दे की त्यांना.

साउंडवाला: देऊ दे की, पण 2-3 वर्षांचं लायसन्स, म्हणजे तेवढ्यापुरती वापरायची परवानगी, मास्टर विकून नाही.

पंचवटीच्या_काकू: अगं रॉयल्टीसाठी लताबाईंनी साठच्या दशकात केवढं भांडण काढलं होतं, रफींशी काही वर्षं गाणं बंद झालं त्यावरून. आणि त्याच बाई 'आनंदघन' नावाने संगीत देत होत्या, 1965 चा 'साधी माणसं' त्यांचाच, ऐरणीच्या देवा आम्ही रेडिओवर ऐकायचो पण चाल कोणाची हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. तू तरी स्वतःचं नाव लाव.

रात्रपाळी: 'टेक्निकल आमच्यावर सोडा' वाल्यांना ब्रिटिश गायिका इमोजेन हीपचं नाव सांग. लहानपणच्या घरात स्टुडिओ केला, 'एलिप्स' अल्बम तिथे स्वतः लिहिला, गायला, प्रोड्यूस केला, आणि 2010 ला त्याला ग्रॅमी मिळालं ते गाण्यासाठी नाही, इंजिनिअरिंगसाठी!!

गोदाकाठची: थँक्यू सगळ्यांना. लायसन्स आणि क्रेडिटमध्ये माझं नाव, एवढं लिहून मेल टाकलाय आत्ताच. आयपीआरएसचा फॉर्म कोणी भरलाय का इथे? गीतकार आणि संगीतकार दोन्ही एकाच अर्जात होतं का?