वसतिगृहातील अवेळी खाणे आणि सजगतेचा सराव

प्रश्न : वसतिगृहात राहणारी माझी मुलगी अभ्यासाच्या ताणामुळे, भूक नसतानाही, मोबाइल पाहत रात्री खात राहते. सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे करत असलेल्या गोष्टीकडे पूर्ण लक्ष देण्याच्या) प्रशिक्षणाने ही सवय बदलू शकेल का?

प्रतिसाद १ : अमेरिकी प्राध्यापक जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या सजगतेच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात एकच बेदाणा निरखून, हुंगून, सावकाश चावून खाण्याचा सराव असतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटे लागतात, त्यामुळे घाईने किंवा पडद्याकडे पाहत खाणाऱ्याला कुठे थांबावे हे उमगत नाही. निदान एक जेवण तिने मोबाइल दूर ठेवून करावे.

प्रतिसाद २ : सहमत आहे, मात्र खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे किंवा जेवण टाळणे दिसल्यास, ताई, कृपया विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्नकर्ती : तसे काही जाणवलेले नाही, तरीही तिच्याशी मोकळेपणाने बोलेन.