मुलीला स्पर्धात्मक व्हॉलीबॉल क्लबात घालायचं आहे, काय पाहावं?

पर्वरीहून, एक आई

नमस्कार मंडळी,

मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. शाळेच्या संघात खेळते. खालून सर्व्हिस नीट जाते, वरून मारलेली निम्मी जाळीत. उंची चार फूट अकरा इंच. आता रोजचा सराव आणि बाहेरच्या स्पर्धा असलेल्या क्लबात जायचं म्हणते. पंधरा दिवसांनी दोन ठिकाणी चाचणी आहे, एक म्हापशाकडे, दुसरी ताळगावच्या बाजूला. चाचणीत नेमकं काय बघतात? क्लब पारखायचा कसा? बूट वगैरे आत्ताच घ्यावे का? आणि दोन वर्षांनी दहावी आहे, तर कितपत झेपेल? आपल्या या गटाच्या यादीत प्रशिक्षक आहेत, पंच आहेत, म्हणून इथेच विचारते.

म्हापशाहून, प्रशिक्षक

ताई, नमस्कार.

चषकांचं कपाट बघून क्लब ठरवू नका. चाचणीच्या आधी दोन्हीकडे एकेक संध्याकाळ जाऊन बसा. एकच मूल नजरेत धरा, मधल्या वकुबाचं, आणि घड्याळ लावून दहा मिनिटांत त्याच्या हाताला चेंडू किती वेळा लागतो ते मोजा. अठरा मुलं, एक जाळी, एक लांब रांग. सर चेंडू उडवतात, मूल स्मॅश मारतं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. हे आपल्याकडे सर्रास चालतं. एका स्मॅशला पाच सेकंद धरले तरी पुन्हा पाळी यायला दीड मिनिट. म्हणजे अर्ध्या तासात वीस स्मॅश, उरलेला वेळ कमरेवर हात. तीच अठरा मुलं तिघातिघांच्या सहा गटांत सहा चेंडू घेऊन उभी केली, तर दहा मिनिटांत प्रत्येकाला चाळीसेक वेळा चेंडू खेळायला मिळतो. तेराव्या वर्षी खेळ सुधारतो तो एवढ्यावरच. त्यामुळे पोत्यात चेंडू किती आहेत हेही बघा. दोन मुलांमागे एक असेल तर उत्तम, तिघांमागे एक चालेल, त्याहून कमी असतील तर मी नाही म्हणेन.

दुसरं बघायचं ते हे, की लहान गटातल्या मुलांना जागा वाटून दिल्यात का. उंच पोरगी दिसली की तिला कायमची मध्ये ब्लॉकला, म्हणजे जाळीपाशी समोरचा स्मॅश अडवायला लावायची, बुटकी दिसली की पाठीमागे, असं जिथे चालतं तिथे सोळाव्या वर्षी पंचाईत होते. उंच पोरीला सर्व्हिस उचलता येत नाही, आणि मागून उंची वाढलेल्या पोरीला स्मॅश मारता येत नाही. चौदाच्या आत सगळ्यांनी सगळ्या जागी खेळावं, सेटर म्हणूनही. (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, गावच्या मैदानावर ज्याला बूस्टर म्हणतात तोच.)

आता चाचणी. आधी उंची घेतात, मग भिंतीपाशी उभं राहून हात वर करून बोटं कुठे पोचतात ते. मग बोटांना खडू लावून उडी, तीन वेळा, त्यातली सर्वांत वरची खूण धरतात. दोन खुणांमधलं अंतर ही उडी. मुली पहिल्या मोजणीत खांदा आखडता ठेवतात, त्याने उडी फुगून दिसते. चांगला प्रशिक्षक टाच टेकवून खांदा पूर्ण वर ताणायला लावतो.

त्यानंतरची कसोटी पासची. समोरून सर्व्हिस येते, मुलीने ती सेटरकडे द्यायची, जाळीपासून साधारण एक मीटर आत, मध्यापासून जरा उजवीकडे. गुण तीन ते शून्य: सेटरला जागचं न हलता कुठेही चेंडू देता आला तर तीन, दोन-चार पावलं पळून देता आला तर दोन, नुसता कसाबसा पलीकडे गेला तर एक, चेंडू मेला तर शून्य. दहा चेंडूंत पंधरा गुण या वयाला चांगले. इथे सगळ्यांची एकच चूक होते, हात झोकतात. चेंडू उशिरा दिसतो, पाय हलत नाहीत, मग हातांनी भरपाई करतात आणि चेंडू डोक्यावरून मागे जातो. कोपरं ताठ, मनगटं जुळलेली, चेंडू मनगटाच्या चार बोटं वर, आणि जोर गुडघ्यांतून. हात खांद्याच्या वर गेले की समजायचं, झोकले.

पंधरा दिवसांत काय सुधारेल? वरची सर्व्हिस. निम्मी जाळीत जाते याचं कारण बहुतेक वेळा हातात जोर नसणं हे नसतं; चेंडू डोक्याच्या मागे किंवा डावीकडे उडालेला असतो. (उजव्या हाताने खेळते असं धरतो.) आधी न मारता नुसता उडवायचा सराव: डावा पाय पुढे, चेंडू डाव्या हाताने हाताच्या उंचीपेक्षा हातभर वर, आणि तो खाली पडू द्यायचा. पुढच्या पायाच्या वीतभर पुढे, उजव्या खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. वीसपैकी पंधरा तिथे पडेपर्यंत मारायचंच नाही. मग जाळीपासून सहा मीटरवरून मारायचं, तिथून दहापैकी आठ गेल्या की साडेसात, मग पूर्ण नऊ. एकदम मागच्या रेषेवरून रेटलं तर मूल कंबर वाकवून मारायला शिकतं आणि खांदा धरतो.

स्मॅशची धाव उजव्या हाताच्या मुलीला डावा-उजवा-डावा. गल्लीत शिकलेली कितीतरी मुलं उजवा-डावा-उजवा धावतात. त्याने उजवी बाजू आधीच पुढे येते, अंग वळायला जागाच राहत नाही आणि सगळा मार खांद्यातून निघतो. चेंडूशिवाय, अंगणात, रोज तीस वेळा. बारा-तेराव्या वर्षी महिन्याभरात बदलतं, अठराव्या वर्षी फार जड जातं.

फोंड्याहून, फिजिओथेरपिस्ट

नमस्कार. बूट आत्ताच घ्या, पण धावायचे घेऊ नका. धावण्याच्या बुटाची टाच जाड आणि उंच असते, आडवं सरकताना पाय त्यावरून कलंडतो आणि घोटा मुरगळतो. गम सोलचे, सपाट, बॅडमिंटनला घालतात तसे बूट चालतात. पायमोज्यासकट दुपारनंतर माप घ्या, अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा. वाढतं वय म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका, आत पाय सरकला की नखं काळी पडतात आणि घोट्याचा आधार जातो. गुडघापट्टी वाटीवर बसणारी हवी, खाली घसरणारी नसल्यातच जमा.

या वयात गुडघ्याकडे लक्ष द्या. वाटीच्या खाली, नडगीच्या टोकाला हाडाचा उंचवटा असतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल, जिना उतरताना किंवा सरावानंतर ठणकत असेल, तर वाढीच्या हाडावर ताण येतोय. मांडीचा स्नायू उडी मारताना त्याच जागी ओढतो, आणि उंची भराभर वाढत असताना तो भाग अजून घट्ट झालेला नसतो. याला पंधरा दिवस पूर्ण बंद, मग पुन्हा पहिल्यासारखं, हा उपाय नाही. उड्या निम्म्या करायच्या, पास आणि सर्व्हिस चालू ठेवायची, मांडी-पोटऱ्या रोज ताणायच्या, सरावानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. दोन आठवड्यांत उतार नसेल किंवा मूल लंगडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. क्लबाला विचारा, सराव सिमेंटवर की लाकडी जमिनीवर. सिमेंटवर आठवड्यातून पाच दिवस उड्या मारणाऱ्या मुलांचे गुडघे मला पावसाळ्याच्या आधीच्या महिन्यांत बघावे लागतात, कारण तेव्हाच स्पर्धांची घाई असते.

आठवड्यात तीन ते चार दिवस, दीड-दोन तास, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढं तेराव्या वर्षाला पुरे. शाळेचा संघ आणि क्लब दोन्ही चालू असतील तर दोन्हीकडच्या उड्या एकाच गुडघ्यावर पडतात. दोन्ही सरांना एकमेकांचं वेळापत्रक तुम्हीच कळवा, ते आपसूक बोलत नाहीत.

पावसाचं आताच विचारून ठेवा. जून ते सप्टेंबर उघडं मैदान बंद असतं, सिमेंटवर शेवाळ धरतं आणि तिथे खेळवणं म्हणजे हाड मोडून घेणं. क्लबाला इनडोअरची वेळ मिळालेली आहे का, किती वाजताची, आणि नसेल तर त्या चार महिन्यांत काय करतात? घामाची जागा इनडोअरमध्येही निसरडी होते, म्हणून जमीन पुसायला फडकं हवं. आपल्या दमट हवेत पाणी तासाला निदान अर्धा लिटर, सोबत मीठ घातलेलं कोकम सरबत.

मडगावहून, पंच

नमस्कार ताई. वरच्या दोघांनी खेळाचं सांगितलं, मी कागदांचं आणि नियमांचं सांगतो.

जन्मदाखल्याच्या मूळ प्रतीवरचं नाव, आधारवरचं आणि शाळेच्या बोनाफाईडवरचं अक्षरन् अक्षर जुळतं का ते आजच बघा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यावरून स्पर्धेच्या टेबलावर मूल अडतं, आणि दुरुस्तीला आठवडे जातात. शालेय स्पर्धांचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते त्या स्पर्धेच्या परिपत्रकात वाचायचं, तोंडी माहितीवर जायचं नाही. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती घरी ठेवा, क्लबाला छायाप्रत द्या. दहावी-बारावीला गोवा बोर्डाचे क्रीडा गुण शाळेमार्फत मागावे लागतात, तेव्हा मूळ प्रत लागते.

क्लबाकडून या गोष्टी लेखी घ्या: महिन्याची फी, त्यात कोर्टाचं भाडं येतं का, स्पर्धेची प्रवेश फी, गणवेश आणि प्रवासखर्च वेगळा का, मध्येच सोडलं तर पैसे परत का, आणि दुसऱ्या क्लबात जाताना ना हरकत पत्र द्यायला अडवतात का. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि भांडणं त्यावरूनच होतात. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर बाई व्यवस्थापक असते का, राहायची सोय कुठे, हेही विचारा. सरांचे निरोप पालक असलेल्या गटातच यावेत, मुलीला एकटीला नकोत. हे विचारल्यावर जो क्लब रागावतो तिथे घालू नका.

खेळायला मिळेल का, हा प्रश्न मनात असेलच. हिशेब असा आहे: एका सेटमध्ये सहा बदल. बाहेर गेलेली खेळाडू त्याच सेटमध्ये एकदाच परत येऊ शकते, तेही जिने तिची जागा घेतली तिच्याच बदली. म्हणजे आत-बाहेर मिळून तीन जोड्या. बारा जणींच्या संघात महत्त्वाच्या सामन्याला काही जणी बसूनच राहणार, त्यात अन्याय नाही. अन्याय तेव्हा, जेव्हा साध्या मैत्रीच्या सामन्यातही त्याच बसतात. तेवढं आधी विचारा.

उंचीवरून खट्टू व्हायचं कारण नाही. लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून बचाव करणारी खेळाडू, ही जागा १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आहे. वेगळ्या रंगाचा गणवेश, मागच्या रांगेत कुणाच्याही जागी आत-बाहेर, आणि ते सहा बदलांत मोजत नाहीत. तिला ब्लॉक करता येत नाही, जाळीच्या वरच्या कडेच्या वर असलेला चेंडू मारून पलीकडे पाठवता येत नाही, आणि जाळीपासून तीन मीटरवरच्या रेषेच्या पुढे उभं राहून बोटांनी उचललेला चेंडू दुसरीने जाळीच्या वरून मारला तर दोष. मात्र म्हापशाच्या सरांशी मी सहमत आहे, तेराव्या वर्षी हा शिक्का मारून घेऊ नका. सेटरही होऊ दे.

एक मोजमाप तुम्ही स्वतः करू शकता. बायकांची जाळी २.२४ मीटर, पुरुषांची २.४३, लहान गटांची स्पर्धेनुसार कमी. उंची कोर्टाच्या मध्यावर मोजतात, आणि दोन्ही बाजूंच्या रेषांवर ती सारखी हवी, ठरलेल्या उंचीपेक्षा दोन सेंटिमीटरहून वर नको. गावच्या मैदानावर दोन खांबांना बांधलेली जाळी मध्ये चांगली वीतभर झोळते. त्या झोळातून स्मॅश मारायला शिकलेली मुलगी फातोर्ड्याच्या किंवा पेडेच्या इनडोअर स्टेडियममधल्या ताठ जाळीवर आली की चेंडू पट्टीवर आदळत राहतो. एका बांबूवर खूण करून न्या आणि मध्याला लावून बघा.

पर्वरीहून

देव बरें करूं सगळ्यांना. दोन्हीकडे सराव बघून आले. एका ठिकाणी दहा मिनिटांत नऊ वेळा हात लागला, दुसरीकडे एकेचाळीस. एकेचाळीसवाल्यांकडे कोर्ट सिमेंटचं आहे, पण पावसात इनडोअरची वेळ आहे आणि आठवड्याला तीनच दिवस. तिथेच पाठवते.

एकच उरलं. घरी पासचा सराव करताना हात लालबुंद होतात, नंतर ती हात मागे घेते. सवयीने जाईल का?

म्हापशाहून

आधी चेंडूतली हवा बघा. व्हॉलीबॉलला ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर लागते, म्हणजे साधारण साडेचार पौंड. सायकलच्या दुकानात फुटबॉलच्या अंदाजाने भरून देतात, मग चेंडू दगड होतो. मूल हात मागे घ्यायला शिकतं आणि तीच झोकायची सवय मी वर म्हटली ती. मापाची पिन मिळते ती घ्या. नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा: अर्धा सेंटिमीटर आत जायला हवा. वजन २६० ते २८० ग्रॅम हवं. पाणी प्यालेला जुना चेंडू त्याहून जड भरतो, तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. लाल माती बसलेला चेंडू ओल्या फडक्याने पुसून घ्या, मातीने हातावर खरचटतं आणि चेंडू सटकतो. आठवडाभर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून खेळू दे, आणि सर्व्हिस घ्यायच्या आधी हाताने फेकलेले चेंडू तीन मीटरवरून, पन्नास.