मदत हवी आहे: उतारावर पार्किंग ब्रेक लावूनही मिनी ट्रॅक्टर सरकतो

ट्रॅक्टर छोटा, फोर व्हील ड्राइव्ह, गिअरवाला (हायड्रोस्टॅटिक नाही), ब्रेक तेलातले (डिस्क बंद हाउसिंगमध्ये तेलात असतात). मागे रोटाव्हेटर असतो.

उतारावर थांबताना दोन्ही ब्रेक पेडल खिटीने जोडतो, पूर्ण दाबतो आणि पार्किंगचा खटका (दाबलेलं पेडल दात्यांत अडकवून धरणारा) लावतो. आधी पक्का उभा राहतो. पाच-दहा मिनिटांनी मात्र कट्ट असा बारीक आवाज येतो आणि चाक वीतभर खाली येतं. परवा मी मागेच वाकून रोटाव्हेटरची पिन काढत होतो, म्हणून हे अंगावर बेतण्याआधी विचारतोय.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) पुस्तकात दिल्याप्रमाणे सारखा केला, रॉडचे नट घट्ट केले, खटक्याची स्प्रिंग बदलली. चालवताना ब्रेक चांगले लागतात, ट्रॅक्टर एका बाजूला ओढत नाही. खटक्याच्या दात्यांच्या कडा मात्र गोल झालेल्या दिसतात.

सध्या इंजिन बंद करून लो रेंजचा पहिला गिअर टाकतो, फोर व्हील चालू ठेवतो, अवजार जमिनीवर टेकवतो आणि चाकाखाली ठोकळे देतो. ते चालूच ठेवणार, त्यामुळे 'गिअरमध्ये ठेवा' एवढंच उत्तर नको. काम एकट्याने करतो, ब्रेक दाबून धरायला दुसरं कोणी नसतं.

हाउसिंग न उघडता कसं ओळखायचं, की दोष खटक्याच्या दात्यांचा आहे की आतल्या डिस्क झिजल्यात? आणि दातेच गेले असतील तर ते वेल्डिंगने भरून घासलेले टिकतात, की खटका आणि तो अडकतो ती दात्यांची पट्टी दोन्ही नवीनच घ्यावी?